अर्न्स्ट रुस्का : ज्याला सूक्ष्मदर्शकाला हात लावू दिला नाही तो मुलगा



तुमच्या शाळेतला सूक्ष्मदर्शक सध्या कुठे आहे? बऱ्याच शाळांत तो कपाटात, कुलपात असतो. मुलांनी फोडला तर? ही भीती मलाही वाटते. म्हणूनच आज अर्न्स्ट रुस्का यांची ओळख करून देते.

रुस्का यांचा जन्म २५ डिसेंबर १९०६ रोजी जर्मनीतील हायडेलबर्ग येथे झाला. सात भावंडांत ते पाचवे. वडील विज्ञानाच्या इतिहासाचे अभ्यासक. त्यांच्या खोलीत झाइस कंपनीचा मोठा सूक्ष्मदर्शक लाकडी पेटीत ठेवलेला असे. वडील मुलांना त्यातून गमतीजमती दाखवत, पण हात लावू देत नसत. मुलांनी चाक वेडंवाकडं फिरवलं तर भिंग खराब होईल, अशी त्यांना काळजी.

पुढे रुस्का म्युनिक आणि बर्लिन येथे विद्युत अभियांत्रिकी शिकले. बर्लिनमध्ये माक्स क्नोल यांच्यासोबत ते इलेक्ट्रॉनच्या झोतावर काम करू लागले. काचेचं भिंग जसं प्रकाश एकत्र आणतं, तसं तारेचं चुंबकीय वेटोळं इलेक्ट्रॉनचा झोत एकत्र आणतं. १९३१ मध्ये त्यांनी अशी दोन भिंगं एकापुढे एक लावून प्रतिमा मोठी केली. किती मोठी? वीस पटसुद्धा नाही! आपल्या शाळेतला सूक्ष्मदर्शक याहून जास्त दाखवतो.

मग हा खटाटोप कशासाठी? प्रकाश ही लाट आहे. त्यामुळे साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा जवळ असलेले दोन बिंदू साध्या सूक्ष्मदर्शकात वेगळे दिसत नाहीत. (एक मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की एक भाग म्हणजे नॅनोमीटर.) इलेक्ट्रॉनही लाटेसारखा वागतो हे कळल्यावर रुस्का आधी हिरमुसले. मग त्यांनी गणित मांडलं. ही लाट प्रकाशाच्या लाटेपेक्षा सुमारे लाख पटीने आखूड निघाली!

१९३३ मध्ये त्यांच्या नव्या यंत्राने १२,००० पट मोठी प्रतिमा दिली. तरी पैसा द्यायला कुणी तयार होईना. झोताच्या उष्णतेने नमुना जळतो, मग राख बघून काय मिळणार, असं जाणकार म्हणत. रुस्का यांनी पोटासाठी टेलिव्हिजनच्या कंपनीत नोकरी धरली. पण डॉक्टर असलेला भाऊ हेल्मुट आणि मित्र बोडो फॉन बोरिस यांच्यासह ते दारं ठोठावत राहिले. अखेर १९३७ मध्ये सीमेन्स कंपनीने काम हाती घेतलं आणि १९३९ मध्ये यंत्र विक्रीला आलं.

पुढचं मला फार आवडतं. १९४० मध्ये तिथे बाहेरच्या संशोधकांसाठी खास प्रयोगशाळा उघडली. या, आपला नमुना आणा, बघा! हेल्मुट तिचे प्रमुख होते. कधीच न दिसलेले विषाणू तिथे दिसू लागले. १९४४ मध्ये बॉम्बहल्ल्यात ती उद्ध्वस्त झाली. युद्धानंतर रुस्का यांनी पुन्हा सुरुवात केली.

आज अशा यंत्रात अणूंच्या रांगा दिसतात. इलेक्ट्रॉन आदळला की प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण सोडतं. ते मोजले की कुठलं मूलद्रव्य नेमकं कुठे आहे हेही कळतं. याला वर्णपटमिती म्हणतात. नॅनो पदार्थांचा अभ्यास या दोन्हींच्या जोरावर चालतो.

रुस्का यांना नोबेल मिळालं १९८६ मध्ये, ऐंशीच्या उंबरठ्यावर. तोवर क्नोल, बोरिस आणि हेल्मुट तिघेही हयात नव्हते. २७ मे १९८८ रोजी रुस्का यांचंही निधन झालं.

मित्रांनो, वडिलांची काळजी चुकीची नव्हती. काच फुटतेच. पण काचपट्टी पुन्हा आणता येते, मुलाचं कुतूहल पुन्हा आणता येत नाही. या आठवड्यात कपाटाचं कुलूप काढा. कांद्याचा पापुद्रा ठेवा आणि चाक मुलांच्या हातात द्या. आपण फक्त शेजारी उभं राहायचं.