डिकन्स आणि त्याच्या पुस्तकांचे चोर

गेल्या वर्षी ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ या कादंबरीवर महिनाभर खपून मी टिपणे काढली होती. परीक्षेच्या तोंडावर एका मैत्रिणीने ती झेरॉक्सला नेली. चार दिवसांनी तीच टिपणे, माझ्याच अक्षरात, पण माझ्या नावाचे पान गाळून, एका दुकानात ४० रुपयांना विकली जाताना मी पाहिली. संतापाने डोळ्यांत पाणी आले. आता खरे तेच सांगते. त्याच आठवड्यात एका हयात मराठी लेखकाची अख्खी कादंबरी मी वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकली होती आणि सर्वांकडून धन्यवाद घेतले होते! या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध असेल, हे डिकन्सचे चरित्र वाचेपर्यंत मला सुचले नव्हते.

चार्ल्स डिकन्सचा जन्म १८१२ चा, पोर्ट्समथचा. वडील आरमाराच्या पगार कचेरीत कारकून. हात सढळ आणि हिशेब कच्चा. १८२४ साली कर्जापायी ते मार्शलसीच्या तुरुंगात गेले आणि बारा वर्षांचा चार्ल्स बुटांच्या पॉलिशच्या कारखान्यात डब्यांवर कागद चिकटवू लागला. आठवड्याची मजुरी सहा शिलिंगांच्या आसपास. श्रमाचा पैसा न् पैसा मोजून घेण्याची त्याची सवय तिथली असावी, असे मला वाटते. पुढे लघुलेखन शिकून तो पार्लमेंटचा बातमीदार झाला. १८३६ मध्ये ‘पिकविक पेपर्स’चे एक शिलिंग किमतीचे मासिक भाग निघू लागले आणि पंचविशीच्या आतच तो इंग्लंडभर गाजला.

गाजला तसे चोरही आले. ‘पिकविक’ची नक्कल एका पेनीला मिळू लागली. डिकन्सचे टोपणनाव ‘बॉझ’, तर नकलाकाराने आपले ठेवले ‘बॉस’! प्रकाशकांची फिर्याद टिकली नाही. लेखकांचे हक्क वाढवणारे विधेयक त्या वेळी टॅलफर्ड हा सभासद पार्लमेंटात लावून धरत होता. डिकन्सने ‘पिकविक’ त्यालाच अर्पण केले. १८४१ मध्ये त्याला आडवा आला मेकॉले. होय, आपल्याकडे इंग्रजी शिक्षण आणणारा तोच. लेखकाला मोबदला मिळावाच, पण त्याचा हक्क म्हणजे वाचकांवर बसणारा कर असल्याने तो जरुरीपेक्षा अधिक काळ नसावा, असा त्याचा युक्तिवाद होता. तो मला अजून खोडता आलेला नाही. अखेर १८४२ च्या कायद्याने प्रसिद्धीपासून ४२ वर्षे, किंवा लेखकाची हयात आणि त्यापुढे ७ वर्षे, यांतली मोठी मुदत ठरवली.

हा कायदा अटलांटिकपलीकडे चालत नव्हता. अमेरिकेत परक्या लेखकाला हक्कच नव्हता. बोटीतून पुस्तक उतरले की छापखाने सुरू. जानेवारी १८४२ मध्ये डिकन्स बॉस्टनला गेला, तेव्हा त्याचे थाटाचे स्वागत झाले. पण मेजवान्यांत त्याने हा विषय काढताच वर्तमानपत्रे उलटली. पाहुणा पैशाचा लोभी ठरला. गंमत अशी की इंग्रजी कादंबऱ्या फुकट छापून पोट भरणारी पत्रेही त्यांत होती. वॉशिंग्टन अर्व्हिंग प्रभृती तिथल्याच लेखकांनी अर्ज केला, तोही वाया गेला. परतल्यावर लिहिलेले ‘अमेरिकन नोट्स’ हे त्याचे प्रवासवर्णन तिकडे लगेच चोरून छापले गेले. चोरून तरी कसे म्हणावे? तिथे ते कायदेशीरच होते.

घरी तरी काय वेगळे झाले? डिसेंबर १८४३ मध्ये ‘ख्रिसमस कॅरल’ निघाले. किंमत पाच शिलिंग. नाताळच्या आत ६,००० प्रती संपल्या. जानेवारीत एका साप्ताहिकाने तीच कथा दोन पेन्सांना छापली. डिकन्स कोर्टात गेला. आम्ही नुसती नक्कल केली नसून मूळ कथा सुधारली, असे चोरांनी बेधडक सांगितले! निकाल डिकन्सच्या बाजूने लागला. चोरांनी दिवाळे काढले आणि सुमारे ७०० पौंडांचा खर्च जिंकणाऱ्याच्याच गळ्यात पडला. पुढे पुन्हा अशी चोरी झाली तेव्हा तो कोर्टाची पायरी चढला नाही. ‘ब्लीक हाउस’मधला खटला सगळी इस्टेट वकिलांच्या खर्चात गिळतो, तो प्रसंग वाचताना मला हे ७०० पौंड आठवतात.

आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. १८६७-६८ मध्ये तो पुन्हा अमेरिकेत गेला आणि स्वतःच्या पुस्तकांचे जाहीर वाचन करून सुमारे १९,००० पौंड घेऊन आला. सभागृहे भरणाऱ्यांत त्या स्वस्त, बिनहक्काच्या प्रतींवर वाढलेले वाचक पुष्कळ असणार. या दौऱ्यांच्या दगदगीने प्रकृती ढासळली आणि १८७० मध्ये तो गेला. अमेरिकेने परदेशी लेखकांना हक्क दिला तो १८९१ मध्ये.

आपल्या १९५७ च्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क चालतो. म्हणजे डिकन्सची, आणि १९५० साली गेलेल्या साने गुरुजींची, मूळ पुस्तके कोणीही कोणाला खुशाल पाठवावीत. नव्या आवृत्तीची प्रस्तावना, टिपा किंवा अलीकडचा अनुवाद मात्र नव्हे. जी. ए. कुलकर्णी १९८७ साली गेले, त्यांच्या कथांना २०४७ संपेपर्यंत थांबावे लागेल. शिक्षणासाठी कायद्यात सवलत आहे. अभ्यासक्रमापुरत्या निवडक प्रकरणांचे झेरॉक्स संच तिच्यात बसतात, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये धरले. त्या सवलतीत माझी अख्खी कादंबरी बसवण्याचा मी खूप प्रयत्न केला. बसली नाही.

गटावरून ती फाइल काढायला गेले, पण काढण्याची मुदत उलटून गेली होती. दुकानात माझी टिपणे यंदाही आहेत. किंमत ५० रुपये झाली आहे.