गणिततपस्वी ऑयलर

दिवाळी जवळ आली, की गिरगाव-लालबागच्या चाळींतून आकाशकंदील बांधण्याची लगबग सुरू होते. चार काड्यांची एक, अशा सहा चौकटी कोपऱ्यांशी एकमेकींना बांधल्या, की कंदिलाचा सांगाडा उभा राहतो. त्याला १२ कोपरे, २४ काड्या आणि १४ पृष्ठे असतात; ६ चौकोनी व त्यांच्यामधील ८ त्रिकोणी. कोपरे व पृष्ठे यांची बेरीज २६, म्हणजे काड्यांपेक्षा दोनने अधिक. हा योगायोग नव्हे. यामागील नियम लेओनार्ड ऑयलर या गणित्याने शोधून काढला.

ऑयलरचा जन्म १७०७ साली स्वित्झर्लंडमधील बाझल नगरीत झाला. मुलाने आपल्याप्रमाणेच धर्मोपदेशक व्हावे, अशी वडिलांची इच्छा होती. परंतु योहान बेर्नुली या विख्यात गणित्याने त्याची असामान्य बुद्धी ओळखली व वडिलांचे मन वळविले. विसाव्या वर्षी ऑयलर रशियातील सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञानसंस्थेत रुजू झाला. तेथे तिशी ओलांडताच त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली.

१७४१ साली तो बर्लिनला गेला. १७५० साली तेथेच त्याला तो नियम गवसला. कोठेही खळगा वा आरपार भोक नसलेल्या, सपाट पृष्ठांच्या कोणत्याही घनाकृतीत कोपरे व पृष्ठे यांची बेरीज कडांपेक्षा दोनने अधिक असते. आपल्या कंदिलाच्या प्रत्येक चौकटीत एक तिरकी काडी बांधल्याची कल्पना करा. आता काड्या ३० झाल्या व पृष्ठे २०, सारी त्रिकोणी. तरीही दोनचा फरक कायमच! एवढेच नव्हे, तर सर्व पृष्ठे त्रिकोणी असली आणि कोपरे १२ असले, तर मांडणी कशीही करा, कडा ३० व त्रिकोण २० च येतात. ऑयलरच्या सिद्धतेत मात्र एक उणीव राहिली होती. पुढे १७९४ साली लजांद्र या फ्रेंच गणित्याने निर्दोष सिद्धता दिली.

१७६६ साली ऑयलर पीटर्सबर्गला परतला. लवकरच मोतीबिंदूने त्याचा दुसरा डोळाही निकामी होऊ लागला. १७७१ साली शस्त्रक्रिया झाली. पण थोड्याच काळात आलेली दृष्टी पुन्हा गेली. त्याच वर्षी त्याच्या घराला आग लागली. एका देशबांधवाने त्या वृद्धास खांद्यावर घेऊन ज्वाळांतून बाहेर काढले. सुदैवाने त्याची हस्तलिखितेही वाचली.

एवढे आघात होऊनही त्याचे कार्य थांबले नाही. किचकट आकडेमोड तो मनातल्या मनात करी आणि मुलांना व शिष्यांना लेख तोंडी सांगे. १८ सप्टेंबर १७८३ रोजी, अखेरच्या दिवशीही, तो गणितातच मग्न होता. त्याने मागे ठेवलेले लेखन इतके विपुल होते, की त्याच्या मृत्यूनंतरही अनेक दशके ती संस्था ते छापीत राहिली.

यंदा कंदील बांधाल, तेव्हा कोपरे, काड्या व पृष्ठे अवश्य मोजा. मग डोळे मिटून तीच मोजणी पुन्हा करून पाहा. अंध ऑयलर ज्या प्रकाशात गणित करीत असे, त्याची थोडीशी ओळख तुम्हांला होईल.