अण्णासाहेब कर्व्यांची झोळी

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चरित्र आपण सर्वजणींनी शाळेत वाचले आहे. कर्वे रस्ता आणि कर्वेनगर ही नावे तर पुण्यात रोजच्या बोलण्यातली झाली आहेत. विधवांसाठी आणि स्त्रीशिक्षणासाठी त्यांनी केलेले कार्य सर्वश्रुत आहे. पण कार्य म्हटले की त्याला पैसा लागतो, आणि अण्णासाहेबांनी तो कसा उभा केला याविषयी फारसे बोलले जात नाही. आपल्यासारख्या लहान मंडळांना चरित्राचा हाच भाग अधिक उपयोगाचा आहे. म्हणून त्या बाजूने हा अल्प परिचय करून देत आहे.

अण्णासाहेबांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी कोकणात शेरवली येथे झाला. बालपण दापोलीजवळच्या मुरूड गावी गेले. घरची स्थिती गरिबीची. सहावीच्या परीक्षेसाठी हा मुलगा घाट चढून शंभराहून अधिक मैल पायी साताऱ्याला गेला, आणि वयाने लहान दिसतो म्हणून परीक्षेला न बसता परत आला. तरी त्याने शिक्षण सोडले नाही. मुंबईस शिकवण्या करून अण्णासाहेब १८८४ साली गणित घेऊन बी. ए. झाले. मुंबईत असतानाच त्यांनी मुरूडकरांना एकत्र करून 'मुरूड फंड' काढला. गावाच्या उपयोगी कामासाठी प्रत्येकाने आपल्या मिळकतीतून थोडे काढून ठेवावे, अशी त्यामागची कल्पना होती. पुढे आयुष्यभर त्यांनी जे केले, त्याचे बी या फंडात आहे.

१८९१ साली गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बोलावण्यावरून ते फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षी पत्नी राधाबाई निवर्तल्या. पुन्हा लग्न करायचे तर विधवेशीच, असा त्यांचा निश्चय होता. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी गोदूबाईंशी विवाह केला. याच आपल्या आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे. मुरूडच्या गावकऱ्यांनी बहिष्कार घातला आणि त्याचा त्रास घरच्या वडीलधाऱ्यांना फार झाला.

गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकल्या होत्या. त्या सदनाचा खर्च कसा चाले हे समजून घेण्यासारखे आहे. अमेरिकेत बोस्टन येथे १८८७ साली रमाबाईंच्या कार्यासाठी एक मंडळ स्थापन झाले आणि त्याने दहा वर्षे पैसा पुरवण्याचे वचन दिले. त्यामुळे १८८९ साली सुरू झालेल्या सदनाला पहिल्या दिवसापासून आधार मिळाला. परंतु सदनातील मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जातात असा बोभाटा होऊन १८९३ साली न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागारपण सोडले, आणि अनेकांनी आपल्या मुली काढून नेल्या. पैसा अमेरिकेतून येत होता, पण मुली पुण्यातल्या घरांतून यायच्या होत्या. त्या घरांचा विश्वास गेल्यावर पैशाने तो परत आणता येईना.

अण्णासाहेबांनी हे सर्व जवळून पाहिले होते. त्यांनी १४ जून १८९६ रोजी अनाथ बालिकाश्रम काढला तो पुण्याच्या लोकांच्या भरवशावर. स्वतःच्या आयुष्याच्या विम्याची पॉलिसीही त्यांनी आश्रमाला देऊन टाकली. घरात लहान मुले, पगार बेताचा, आणि पुढची तरतूद अशी दुसऱ्यांच्या हवाली! बायांना ते आवडले नाही, आणि संसार करणाऱ्या कोणत्याही बाईला त्यांचे चुकले असे वाटणार नाही. पण दुसऱ्याच्या दारी मागायला जाणाऱ्याने आधी आपल्या घरचे दिलेले असावे, हे अण्णासाहेबांनी कृतीने दाखवले.

१९०० साली आश्रम हिंगण्याला गेला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी सहा एकर जागा आणि झोपडीसाठी साडेसातशे रुपये दिले. तेव्हा तिथे माळरान होते. कॉलेज संपवून अण्णासाहेब रोज सुमारे चार मैल चिखल तुडवीत तिकडे जात. कॉलेजला सुट्टी लागली की झोळी घेऊन गावोगाव हिंडत. चार आणेसुद्धा ते आनंदाने घेत, आणि आश्रमाचा हिशेब लोकांपुढे मांडीत. बायांच्या भगिनी पार्वतीबाई आठवले स्वतः विधवा होत्या. त्यांनीही आश्रमासाठी गावोगाव फिरून वर्गणी गोळा केली. पुढे १९१८ साली इंग्रजी शिकण्यासाठी त्या एकट्या अमेरिकेलाही गेल्या.

लोकांच्या पैशावर चालायचे म्हणजे लोकांचे मन सांभाळणे आले. आश्रमात पुनर्विवाहाचा प्रचार करायचा नाही असे अण्णासाहेबांनी ठरवले. स्वतः विधवेशी विवाह केलेल्या माणसाने असे ठरवावे याचा सुधारकांना राग आला. शिवाय सुरुवातीची बरीच वर्षे आश्रम उच्चवर्णीय मुलींसाठीच होता. ही उणीव झाकण्याचे कारण नाही. पैसा कोणाचाही घेतला तरी त्याची काही किंमत द्यावी लागते, ती अण्णासाहेबांनाही चुकली नाही. जातिभेदाविरुद्ध त्यांनी समता संघ स्थापन केला तो १९४४ साली, वयाची ८५ वर्षे उलटल्यावर.

१९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. शिक्षण मातृभाषेतून द्यायचे हा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी सरकारी मान्यतेवाचून राहायची त्यांनी तयारी ठेवली. साहजिकच सारा भार पुन्हा झोळीवर आला.

अशा वेळी १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी जाहीर केली. त्यांनी आदल्या वर्षी जपानचे महिला विद्यापीठ पाहिले होते. त्यांच्या मातोश्रींचे नाव विद्यापीठाला देण्यात आले, आणि ते श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ झाले. या देणगीची रचना आपण नीट पाहावी. मुद्दल खर्चायचे नव्हते. पंधरा लाखांचे साडेतीन टक्क्यांनी होणारे ५२,५०० रुपये व्याज दरसाल विद्यापीठाला मिळायचे होते. दरवर्षी आंबे देणाऱ्या झाडासारखी ही तजवीज होती. पण एवढे मोठे झाड लावणारा मनुष्य आला तो आश्रमाला २४ वर्षे झाल्यावर. इतकी वर्षे आणे-रुपयांवर नेकीने चाललेली संस्था समोर होती, म्हणूनच पंधरा लाख देणाऱ्याला विश्वास वाटला असेल.

याहून मला महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. विद्यापीठाला लाखांची देणगी मिळाली त्याच सुमारास हिंगण्याच्या संस्थेने भाऊबीज निधी सुरू केला. दिवाळीत भावाने बहिणीला घालायच्या ओवाळणीतला वाटा आश्रमातल्या बहिणींसाठी मागायचा, अशी ती साधी युक्ती होती. देणारा उपकार करीत नव्हता, सणाचे कर्तव्य करीत होता. घेणारीलाही मान खाली घालावी लागत नव्हती. विद्यापीठाचे मुख्य ठाणे १९३६ साली मुंबईला गेले, पण हिंगण्याची संस्था पुण्यातच राहिली, वाढली, आणि भाऊबीज निधी आजही गोळा होतो.

अण्णासाहेबांची झोळी तेवढ्यावर थांबली नाही. १९२९ साली, ७१ व्या वर्षी ते युरोप, अमेरिका आणि जपानच्या प्रवासाला निघाले. त्यानंतर आफ्रिकेतल्या भारतीयांकडेही गेले. १९३६ साली खेड्यांतील प्राथमिक शाळांसाठी त्यांनी मंडळ काढले आणि हा वृद्ध पुरुष पुण्यात पुन्हा घरोघर वर्गणी मागू लागला. १९५१ साली विद्यापीठाला कायदेशीर मान्यता मिळाली. तो दिवस पाहायला बाया नव्हत्या. त्या १९५० साली गेल्या. १९५८ साली अण्णासाहेबांना भारतरत्न मिळाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, १०४ वर्षांचे कृतार्थ आयुष्य जगून ते पुण्यात शांत झाले.

आज काळ बदलला आहे. २०१३ च्या कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्यातला दोन टक्के भाग समाजकार्यासाठी खर्चावा लागतो. मोठमोठे न्यासही मदत करतात. आपल्याही मंडळात असा अर्ज करावा अशी चर्चा आहे. तो जरूर करावा. मोठी देणगी घेण्यात कमीपणा नाही. मात्र ती मिळाल्यावर दरमहाची वर्गणी कशाला, असे काहीजणी म्हणतात, ते मला पटत नाही. देणगीची मुदत एक दिवस संपते, अटी बदलतात, देणाऱ्यांच्या पुढच्या पिढीला दुसरे काम आवडते. वर्गणी देणारी बाई मात्र मंडळाची मालकीण असते. तिला हिशेब विचारण्याचा हक्क असतो, आणि अडचणीच्या दिवशी तीच सतरंजी अंथरायला येते. म्हणून पंधरा लाख आले तरी भाऊबीज चालू ठेवावी, एवढेच या थोर पुरुषाच्या चरित्रातून आपण उचलले तरी पुष्कळ झाले.