भोंग्यासमोरची गौहर

माझी एक मैत्रीण लग्नांत आणि इव्हेंट्समध्ये गाते. गेल्या महिन्यात तिचं एक काम गेलं. जिंगल एआय ॲपवर तासाभरात करून झाली, असं तिला कळवलं गेलं. त्या रात्री ती विचारत होती, बी.एड. करू का? मला उत्तर सुचलं नाही. आठवली ती गौहर जान.

तुम्ही नाव ऐकलंय? १८७३ साली आझमगडला जन्मलेली अँजेलिना. वडील आर्मेनियन. आईबाप वेगळे झाले, आई बनारसला आली, मुसलमान झाली आणि मलका जान म्हणून गाजली. मुलगी झाली गौहर. पुढे मायलेकी कलकत्त्याला गेल्या.

नोव्हेंबर १९०२. ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात हॉटेलातच स्टुडिओ थाटला. माइक नाही, वीज नाही. भिंतीतून आलेल्या भल्यामोठ्या भोंग्यात तोंड घालून गायचं, तेही जेमतेम तीन मिनिटं. जो ख्याल तासभर रंगायचा, तो तीन मिनिटांत! यंत्र आवाज चोरतं, या भीतीने कितीतरी जण लांबच राहिले. आपल्या भास्करबुवा बखल्यांचं एकही ध्वनिमुद्रण आज ऐकायला मिळत नाही.

गौहर मात्र उभी राहिली. घाबरली नसेल असं नाही, पण तिने यंत्राचं गणित ओळखलं. चीज छोटी केली, नेमकी केली आणि पैसे ठणकावून घेतले. एका बैठकीचे तीन हजार रुपये, असं सांगतात. दहाहून जास्त भाषांत सुमारे सहाशे रेकॉर्ड्स. मैफली थांबल्या नाहीतच. उलट १९११ च्या दिल्ली दरबारात जानकीबाईंबरोबर ती गायली. काडेपेटीवरसुद्धा तिचं चित्र!

म्हणजे एआयलाही मिठी मारा, असं मी म्हणतेय का? नाही हो. इथेच तर मोठा फरक आहे. त्या भोंग्याला गौहर हवी होती. ती खोलीत आल्याशिवाय, तिने भाव ठरवल्याशिवाय रेकॉर्ड निघत नव्हती. आजचं सॉफ्टवेअर तुम्हाला बोलावतही नाही. म्हणून तर अरिजित सिंगला २०२४ मध्ये आपल्या आवाजासाठी मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं. त्याच वर्षी ए. आर. रहमानने दोन दिवंगत गायकांचे आवाज एआयने वापरले, पण घरच्यांना विचारून आणि पैसे देऊन.

गौहरचा शेवट काही गोड नाही. कोर्टकचेऱ्यांत कमाई गेली. १९२८ मध्ये म्हैसूर दरबाराने महिना पाचशेवर ठेवली, १७ जानेवारी १९३० ला तिथेच ती गेली.

तिच्या रेकॉर्ड्स यूट्यूबवर आहेत. हेडफोन लावा आणि शेवटपर्यंत ऐका. गाणं संपतं आणि ती इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या, तिथल्या लोकांना लेबलवर कुणाचं नाव टाकायचं ते कळावं म्हणून. मैत्रिणीला मी हीच लिंक पाठवलीय. तिने अजून उघडलेली नाही.