सावध उड्डाण

आकाशात उडावे, ही माणसाची फार जुनी इच्छा. नवव्या शतकात स्पेनमधील कॉर्डोबा शहरात अब्बास इब्न फिरनास यांनी पंख लावून उडण्याचा प्रयत्न केला आणि खाली येताना ते जखमी झाले, असे जुन्या इतिहासकारांनी लिहून ठेवले आहे. त्यांच्यानंतरही अनेक धाडसी माणसांनी उंचावरून झेप घेतली. काहींचे हातपाय मोडले, काहींना प्राण गमवावे लागले. उडायचे असेल तर जिवावर उदार झालेच पाहिजे, असे लोकांना वाटू लागले. अमेरिकेतील एका सायकल दुकानदाराने मात्र वेगळा विचार केला. त्याचे नाव विल्बर राइट.

विल्बरचा जन्म १६ एप्रिल १८६७ रोजी अमेरिकेतील इंडियाना राज्यात झाला. वडील मिल्टन राइट हे ख्रिस्ती धर्मगुरू होते. घरात पुस्तके भरपूर होती. आई सुसान मोठी कुशल होती. ती मुलांना खेळणी तयार करून देत असे. १८७८ साली वडिलांनी मुलांसाठी एक खेळणे आणले. बांबू, बूच, कागद आणि रबर यांपासून बनवलेले ते खेळणे रबराला पीळ दिला की हवेत उडे. तेव्हा विल्बर ११ वर्षांचा आणि धाकटा भाऊ ऑर्विल ७ वर्षांचा होता. उडण्याचे वेड दोघांच्या मनात तेव्हाच रुजले.

विल्बर अभ्यासात हुशार आणि खेळात चपळ होता. पुढे मोठ्या विद्यापीठात शिकायला जाण्याचा त्याचा विचार होता. पण १८८५-८६ च्या हिवाळ्यात बर्फावर हॉकीसारखा खेळ खेळताना एका मुलाची काठी त्याच्या तोंडावर जोरात बसली. पुढचे दात पडले. प्रकृती ढासळली आणि विद्यापीठाचा विचार मागे पडला. त्याच काळात आईला क्षयरोगाने गाठले होते. विल्बर घरी राहून तिची सेवा करू लागला. उरलेल्या वेळात तो वडिलांची पुस्तके वाचत असे. १८८९ साली आई वारली. नंतर दोघा भावांनी डेटन या गावात आधी छापखाना आणि १८९२ पासून सायकलींचे दुकान चालवले. दुकान चांगले चालू लागले.

ऑगस्ट १८९६ मध्ये जर्मनीहून एक दुःखद बातमी आली. ऑटो लिलिएन्थाल हे ग्लायडरमधून पडून मरण पावले होते. ग्लायडर म्हणजे वाऱ्यावर तरंगणारे, इंजिन नसलेले विमान. लिलिएन्थाल बेफिकीर नव्हते. त्यांनी पक्ष्यांच्या पंखांचा बारकाईने अभ्यास केला होता आणि सुमारे २,००० वेळा उड्डाण केले होते. तरीही वाऱ्याच्या एका झोताने त्यांचा घात केला. त्या सुमारास ऑर्विल विषमज्वराने आजारी होता आणि विल्बर त्याची काळजी घेत होता.

आता विल्बरपुढे दोन वाटा होत्या. उडण्याचा नाद सोडून दुकानात सुखाने राहावे, ही एक. लिलिएन्थाल यांच्यासारखी झेप घ्यावी आणि पुढचे नशिबावर सोडावे, ही दुसरी. विल्बरने हिशेब मांडला. पाच वर्षांत लिलिएन्थाल हवेत राहिले ते एकूण जेमतेम पाच तास. इतक्या थोड्या सरावावर कोणी गर्दीच्या रस्त्यात सायकलदेखील चालवणार नाही! त्याने ठरवले, उडायचे नक्की; पण आधी तोल सांभाळायला शिकायचे आणि मगच इंजिन बसवायचे.

१८९९ साली त्याने एक मोठा पतंग तयार केला. पक्षी पंखांची टोके वळवून तोल सावरतात, हे त्याने पाहिले होते. पतंगाचे पंख दोऱ्यांनी पिळून त्याने ती युक्ती तपासली. पुढच्या वर्षी दोघे भाऊ समुद्रकाठच्या किटी हॉक या गावी गेले. तेथे सतत वारा वाहत असे आणि खाली मऊ वाळू होती. पडले तरी मोठी इजा होऊ नये, म्हणून ती जागा निवडली होती. ग्लायडर त्यांनी आधी दोरी बांधून पतंगासारखा उडवला. मग विल्बर त्यात बसला, तोही जमिनीपासून थोड्याच उंचीवर.

१९०१ सालचा ग्लायडर अपेक्षेप्रमाणे उडाला नाही. विल्बर निराश झाला. पण त्याने घाई केली नाही. दुकानात लाकडी पेटी बनवून तिच्यात पंख्याने वारा सोडला आणि लहान लहान पंखांचे सुमारे २०० नमुने तपासले. १९०२ साली नव्या ग्लायडरमधून दोघांनी शेकडो उड्डाणे केली. हात आणि नजर तयार झाली.

त्याच काळात सॅम्युएल लँगली हे नामवंत शास्त्रज्ञही विमान बनवत होते. सरकारने त्यांना ५०,००० डॉलर दिले होते. परंतु माणसाने आधी ग्लायडरवर सराव करावा, हे त्यांनी केले नाही. ऑक्टोबर आणि डिसेंबर १९०३ मध्ये त्यांचे विमान दोनदा नदीत कोसळले. चालक सुदैवाने वाचला.

दुसऱ्या अपघातानंतर नऊच दिवसांनी, १७ डिसेंबर १९०३ रोजी, राइट बंधूंचे इंजिनाचे विमान उडाले. ऑर्विलचे पहिले उड्डाण १२ सेकंदांचे होते. त्या दिवसाच्या चौथ्या उड्डाणात विल्बर ५९ सेकंद हवेत राहिला आणि त्याने सुमारे २६० मीटर अंतर कापले.

कीर्ती मिळाली तरी विल्बरची सावधगिरी सुटली नाही. ८ ऑगस्ट १९०८ रोजी फ्रान्समध्ये लोक त्याचे उड्डाण पाहायला जमले होते. तो मात्र दिवसभर विमानाचा एकेक भाग तपासत राहिला आणि संध्याकाळी उडाला. १९०९ साली न्यूयॉर्कच्या बंदरावरून उडताना त्याने विमानाखाली एक लहान होडी बांधली होती. विमान पाण्यात उतरलेच, तर ते बुडू नये! वडिलांच्या इच्छेप्रमाणे दोघे भाऊ कधी एकत्र उडत नसत. २५ मे १९१० रोजी मात्र ते एकदाच सोबत उडाले. त्याच दिवशी ऑर्विलने ८१ वर्षांच्या वडिलांनाही विमानातून फिरवून आणले.

तरीही धोका संपला नव्हता. सप्टेंबर १९०८ मध्ये ऑर्विलचे विमान कोसळून त्याच्यासोबतचा लष्करी अधिकारी मरण पावला आणि ऑर्विलचा पाय मोडला. विल्बरचा मात्र आकाशाने बळी घेतला नाही. त्याला मृत्यू आला तो जमिनीवर. ३० मे १९१२ रोजी, अवघ्या ४५ व्या वर्षी, विषमज्वराने तो घरी मरण पावला. दूषित अन्नपाण्यातून पसरणाऱ्या या तापावर तेव्हा खात्रीचे औषध नव्हते.

सावध माणसाला दीर्घायुष्य मिळतेच, असे नाही. पण विल्बरच्या सावधगिरीमुळे त्याचे काम पुरे झाले. दुकानात बसून राहिला असता, तर तो कधी उडाला नसता. घाई केली असती, तर पहिल्या उड्डाणापर्यंत कदाचित पोहोचलाच नसता. आज आपण विमानाने प्रवास करतो, तेव्हा उड्डाणापूर्वी वैमानिक सगळी यंत्रे एकेक करून तपासतो. तेवढा वेळ आपल्याला थांबावे लागते. ते थांबणेही उड्डाणाचाच एक भाग आहे.