अर्न्स्ट क्लाडनी

अर्न्स्ट फ्लोरेन्स फ्रीडरिख क्लाडनी (३० नोव्हेंबर १७५६ – ३ एप्रिल १८२७) हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ होते. कंप पावणाऱ्या पट्ट्यांवर वाळूने उमटणाऱ्या आकृत्यांसाठी ते प्रसिद्ध आहेत. त्यांना ध्वनिशास्त्राचे जनक मानले जाते.

जीवन

क्लाडनी यांचा जन्म सॅक्सनीतील विटेनबर्ग येथे झाला. वडील तेथील विद्यापीठात कायद्याचे प्राध्यापक होते व शिस्तीला अत्यंत कडक होते. त्यांच्या इच्छेखातर क्लाडनी यांनी लाइपझिग येथे कायद्याची पदवी घेतली. परंतु १७८२ मध्ये वडिलांचे निधन होताच ते विज्ञानाकडे वळले. विद्यापीठात त्यांना कायमचे पद कधीच मिळाले नाही. स्वतः बनवलेली युफोन व क्लाविसिलिंडर ही वाद्ये घोडागाडीत घालून ते युरोपभर हिंडत आणि व्याख्याने व प्रयोग यांवर चरितार्थ चालवीत.

ध्वनिविषयक कार्य

काचेची किंवा धातूची पट्टी एका ठिकाणी घट्ट धरून क्लाडनी तिच्यावर वाळू पसरत आणि कडेवरून व्हायोलिनचा गज ओढत. पट्टीचे जे भाग हलतात तेथून वाळू उडते आणि स्थिर राहिलेल्या रेषांवर जमते. या रेषांना निस्पंद रेषा म्हणतात. स्वर जितका उंच, तितकी आकृती गुंतागुंतीची. रॉबर्ट हुक यांनी सतराव्या शतकातच पिठाने असे काही पाहिले होते. तथापि पद्धतशीर अभ्यास क्लाडनी यांचाच. तो १७८७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

आकृत्यांच्या मानाने त्यांचे दुसरे संशोधन कमी परिचित आहे, पण ध्वनीचा प्रवास समजण्यास ते अधिक उपयुक्त आहे. हवेतील ध्वनी हा अनुतरंग आहे. त्यात हवेचे कण तरंगाच्याच दिशेत पुढेमागे हलतात आणि संपीडने व विरलने पुढे सरकत जातात. घन दांडी लांबीच्या दिशेने घासली असता तिच्यातही असेच तरंग निर्माण होतात, हे क्लाडनी यांनी दाखवले. दोन्ही टोके मोकळी असलेली दांडी आणि तेवढ्याच लांबीची, दोन्ही टोकांना उघडी नळी यांच्या मूळ स्वरांच्या वारंवारितांचे गुणोत्तर हेच घन पदार्थ व हवा यांतील ध्वनिवेगांचे गुणोत्तर असते. त्यामुळे घड्याळ व लांब अंतर यांवाचून केवळ कानाच्या आधारे त्यांना घन पदार्थांतील ध्वनिवेग काढता आला. तो हवेतील वेगाच्या कित्येक पट भरला.

अशनी आकाशातूनच पडतात, हे त्यांचे १७९४ मधील प्रतिपादन आरंभी चेष्टेचा विषय झाले. १८०३ मध्ये फ्रान्समधील लेगल येथील अशनिवर्षावाच्या चौकशीनंतर ते मान्य झाले.

१८०९ मध्ये पॅरिस येथे नेपोलियन यांनी त्यांचे प्रयोग पाहिले आणि त्यांच्या ध्वनिशास्त्रावरील ग्रंथाच्या फ्रेंच आवृत्तीसाठी ६,००० फ्रँक दिले. आकृत्यांच्या गणिती उपपत्तीसाठी पारितोषिकही जाहीर झाले. १८१६ मध्ये, तिसऱ्या प्रयत्नात, ते सोफी जर्मेन यांना मिळाले. त्यांच्या उपपत्तीत उणिवा होत्या. कडांविषयीच्या अटी गुस्ताव किर्खहोफ यांनी १८५० मध्ये नीट मांडल्या. तोवर क्लाडनी यांचे ब्रेस्लाउ येथे निधन होऊन तेवीस वर्षे झाली होती.