उघडं दार

आजचं वाचन: दानीएल 6:10

राजाचा हुकूम निघाल्याचं कळल्यावरही दानीएल घरी गेला आणि रोजच्यासारखाच गुडघे टेकून बसला. खिडक्या उघड्याच होत्या. हे वचन वाचलं की मला पुण्यातलं एक दार आठवतं.

पंडिता रमाबाई आपल्याला माहीत असतात त्या केडगावच्या मुक्ती मिशनमुळे. पण मला जास्त विचार करायला लावतं ते 1893 साल. त्याआधी थोडं मागे जाऊ. 1858 चा जन्म, वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं आणि आईनं रमाला. पुढे दुष्काळात आईवडील गेले. रमा आणि भाऊ श्रीनिवास देशभर पायी फिरले. कलकत्त्यात विद्वानांनी तिला पंडिता म्हटलं. भाऊ गेला, लग्नानंतर दोनच वर्षांत नवराही गेला, आणि कडेवर लहानगी मनोरमा. 29 सप्टेंबर 1883 ला इंग्लंडमधल्या वाँटेज इथं दोघींचा बाप्तिस्मा झाला. आपल्याकडे मोठी खळबळ उडाली. बरं, ख्रिस्ती झाल्यावरही बाईंनी मान तुकवली असं नाही. न पटलेल्या मतांवरून त्या तिथल्या सिस्टरांशीही सरळ वाद घालायच्या!

1889 मध्ये त्यांनी मुंबईत विधवा मुलींसाठी शारदा सदन काढलं. पुढच्याच वर्षी ते पुण्यात आलं. सदनात कुणावर धर्म लादायचा नाही, मुलींनी आपापले आचार पाळावेत, असं ठरलं होतं. स्वयंपाकसुद्धा ब्राह्मणी पद्धतीचा. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर अशी माणसं सल्लागार होती. महर्षी कर्व्यांशी पुढे लग्न झालेल्या गोदूबाई इथल्याच पहिल्या विद्यार्थिनी.

रमाबाई रोज सकाळी आपल्या खोलीत मनोरमेला घेऊन पवित्र शास्त्र वाचायच्या, प्रार्थना करायच्या. दार उघडं असायचं. हळूहळू काही मुली येऊन बसू लागल्या. बोलावणं नाही, पण हाकलणंही नाही. बातमी बाहेर गेली आणि केसरीतून टीका सुरू झाली.

इथं एक प्रामाणिकपणे सांगायला हवं. आईवडिलांची भीती खोटी नव्हती. आपल्या पोरी विश्वासानं दुसऱ्याच्या हाती दिल्या होत्या त्यांनी. तो राग मी समजू शकतो. रमाबाईंपुढचा सोपा मार्ग म्हणजे दार लावून घेणं. प्रार्थना तशीही देवाला ऐकू गेलीच असती, नाही का? पण त्या ख्रिस्ती आहेत हे त्यांनी कधी लपवलं नव्हतं, आणि मुलींना मोकळीक असेल तर ती स्वतःलाही हवी, असं त्यांचं म्हणणं होतं. दार उघडंच राहिलं.

किंमत मोजावी लागली. 1893 मध्ये सल्लागारांनी अंग काढून घेतलं. पालकांनी बऱ्याच मुली घरी नेल्या. ज्या विधवांसाठी ही बाई अमेरिकाभर फिरून पैसे जमवून आली, त्यांच्याच खोल्या रिकाम्या झाल्या. त्या रात्री त्यांना झोप कशी लागली असेल, मी विचार करत राहतो.

मला हे का टोचतं, सांगतो. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये जेवणाआधी मी दोन वर्षं मोबाईल बघायचं नाटक करत प्रार्थना केलीय. माझी तर नोकरीसुद्धा धोक्यात नव्हती. चार जण हसतील, एवढंच.

सदन बंद पडलं नाही. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या जमिनीवर मुक्ती उभं राहिलं. अखेरची वर्षं त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बाईला कळेल अशा मराठीत बायबल आणण्यात घालवली. छपाई मुक्तीच्या छापखान्यात, तिथल्याच बायकांच्या हातांनी झाली. 1921 मध्ये मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 ला त्या स्वतः प्रभूकडे गेल्या.

उद्याचं वाचन: दानीएल 6:11 ते 23